तालमीच्या कळा

‘खोटे’ हा शब्द फार जपून वापरावा, असे मराठी घरांतील वडीलधारी माणसे सांगत आली आहेत. खोटे नाणे, खोटी साक्ष, खोटी शपथ. जेथे जेथे हा शब्द लागतो, तेथे तेथे कोणीतरी कोणाला तरी फसविलेले असते. असे असता हाच शब्द एका अशा गोष्टीस लावला जातो की जिच्यात फसवणुकीचा लवलेशही नाही. दिवस भरत आलेल्या स्त्रीचे पोट मधूनच आवळून येते, दगडासारखे कठीण होते, आणि मिनिटभरात पुन्हा सैल पडते. प्रसूती मात्र होत नाही. या कळांना मराठीत ‘खोट्या कळा’ म्हणतात. मॉरिशसमध्ये फ्रेंच बोलणारी माणसेही त्यांना ‘फोस’, म्हणजे खोट्याच, म्हणतात. दोन भाषांनी मिळून एका निरपराध वेदनेवर असा आळ घ्यावा, हे नवल नव्हे काय?

वास्तविक गर्भाशय हा स्नायूंचा बनलेला अवयव आहे, आणि कोणताही स्नायू नऊ महिने नुसता निजून राहत नाही. मधूनमधून होणाऱ्या या आकुंचनांचे वर्णन जॉन ब्रॅक्स्टन हिक्स नावाच्या इंग्रज प्रसूतितज्ज्ञाने १८७२ साली प्रसिद्ध केले, म्हणून वैद्यकात त्यांना त्याचेच नाव मिळाले. अर्थात पृथ्वीवरील आयाबायांना त्या त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होत्या; फक्त त्यांना कोणी विचारले नव्हते. आरंभीच्या महिन्यांत ही आकुंचने सहसा जाणवत नाहीत. शेवटच्या महिन्यांत मात्र ती चांगलीच कळू लागतात. अंगातले पाणी कमी पडले, लघवी तुंबवून धरली, दिवसभर उभ्याने काम झाले, किंवा पोटातल्या बाळाने जोराने हातपाय हलविले, की ती अधिक येतात. खऱ्या प्रसूतीत गर्भाशयाचे मुख जसे उत्तरोत्तर उघडत जाते, तसे या कळांनी होत नाही, एवढाच काय तो भेद. परंतु पुढे येणाऱ्या मोठ्या श्रमासाठी गर्भाशय आपले बळ अजमावीत असते, असेच बहुतेक जाणकार मानतात.

हे सारे पुस्तकात वाचावयास सोपे आहे. घरात ते कसे घडते, हे पाहावयाचे तर कास्कावेल गावातील एका मराठी कुटुंबाची हकीकत ध्यानी घेण्याजोगी आहे. या कुटुंबाचे पूर्वज कोकणातून करारावर आले, उसाच्या मळ्यात राबले, आणि त्यांची चौथी-पाचवी पिढी आज सिमेंटच्या पक्क्या घरात नांदते आहे. घरात आजेसासूबाई आहेत, त्यांनी ऐंशी ओलांडली आहे. सासू-सासरे आहेत. मुलगा फ्लिक-आं-फ्लाकच्या एका हॉटेलात रात्रपाळीस जातो, आणि सून एबेन येथील एका कचेरीत काम करते. सुनेचे हे पहिलेच बाळंतपण. पूर्वीच्या रीतीप्रमाणे ती माहेरी जावयाची. परंतु माहेर दूर, नोकरी सुटत नाही, आणि तपासणीचे कागद येथल्याच इस्पितळात, म्हणून तिने सासरीच राहावे असे ठरले.

पस्तिसाव्या आठवड्यात एका संध्याकाळी रोटी लाटता लाटता तिचे पोट एकाएकी आवळून आले. लाटणे हातातून सुटले. पाच मिनिटांनी पुन्हा तसेच झाले, मग वीस मिनिटांनी. घरात एकच धांदल उडाली. सासूबाईंनी देवापुढे दिवा लावला, सासऱ्यांनी गाडी काढली, नवऱ्याला हॉटेलातून बोलावून घेतले. इस्पितळात एका अनुभवी सुईणीने, म्हणजे येथे जिला साज-फाम म्हणतात तिने, नीट तपासून पाहिले, यंत्रावर बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकले, आणि दोन तासांनी तिला घरी जावयास सांगितले. जाता जाता ती हेही म्हणाली, की सदतीस आठवडे पुरे होण्याआधी असे काही वाटल्यास विचार करीत बसू नये, लगेच यावे. आज आलात हे चांगलेच केलेत. दुर्दैवाने हे शेवटचे वाक्य कोणाच्याही लक्षात राहिले नाही. घरी आले ते एवढेच, की ‘परत पाठविली’.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या बायका विचारपूस करावयास आल्या. “काय गं, खोट्याच निघाल्या ना?” असे म्हणून त्या हसल्या. त्या हसण्यात दुष्टावा नव्हता. गावातील हसणे बहुधा तसेच असते. त्यात माया असते, पण ते ज्याच्यावर पडते त्याला ती माया दिसत नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा तसाच प्रसंग आला, पुन्हा इस्पितळ, पुन्हा परत. या वेळी नवऱ्याची एक रात्रपाळी बुडाली, आणि तो काही बोलला नाही, तरी त्याचे न बोलणे तिला ऐकू आले. सासूबाई सहज म्हणून गेल्या, “आमच्या वेळी बाई एवढं काही कळत नव्हतं.”

त्यानंतर ती बोलेनाशी झाली. पोट आवळले की ती उठून न्हाणीघरात जावयाची, दिवा न लावता भिंतीला हात टेकून उभी राहावयाची, आणि कळ ओसरली की तोंडावर पाणी मारून बाहेर यावयाची. घरातील सर्वांना वाटले, आता तिचा त्रास थांबला. त्रास थांबला नव्हता. थांबले होते ते सांगणे. एखाद्या घरात यापेक्षा धोक्याची शांतता दुसरी नसते.

ही शांतता ओळखली ती आजेसासूबाईंनी. म्हाताऱ्या माणसास झोप कमी आणि रात्री फार मोठ्या असतात. तिसऱ्या रात्री त्या काठी टेकीत न्हाणीघराच्या दारापर्यंत गेल्या, आणि त्यांनी बाहेरूनच विचारले, “पोरी, किती वेळ झाला?” त्या एका प्रश्नाने सुनेचा बांध फुटला. आजींनी तिला बाहेर आणले, दोन पेले पाणी पाजले, लघवीला जाऊन यावयास सांगितले, आणि डाव्या कुशीवर निजविले. मग त्यांनी आपला सुरकुतलेला तळहात तिच्या पोटावर ठेवला. कळ आली की त्या म्हणत, “श्वास धरून ठेवू नकोस. सोड, हळूहळू सोड.” तासाभरात कळा विरळ झाल्या आणि थांबल्या. डॉक्टर मंडळी आज हेच उपाय सांगतात: पाणी प्यावे, मूत्राशय मोकळे करावे, बसली असेल तर थोडे चालावे, चालत असेल तर पडावे, कोमट पाण्याने अंग धुवावे, श्वास दीर्घ आणि संथ ठेवावा. एवढे केल्याने ज्या कळा विरतात, त्या बहुधा तयारीच्याच असतात.

त्या रात्री आजींनी आपली कथा सांगितली. १९६० साल. जानेवारीत अ‍ॅलिक्स वादळ येऊन गेले होते, आणि फेब्रुवारीच्या अखेरीस कॅरोल आले. त्या तेव्हा पहिलटकरीण होत्या. मळ्याच्या वस्तीतील गवती छपरे उडाली, आणि बायकामुलांनी मळ्याच्या एका दगडी इमारतीत आसरा घेतला. त्या अंधारात, वाऱ्याच्या त्या आक्रोशात, त्यांचे पोट आवळू लागले. सर्वांना वाटले, मूल येथेच जन्मणार. बायकांनी लुगड्यांचा आडोसा केला. एका वृद्ध सुईणीने रात्रभर त्यांच्या पोटावर हात ठेवला. पहाटे वारा पडला आणि कळाही पडल्या. मूल जन्मले ते तीन आठवड्यांनी. “पण कुणी हसलं नाही,” आजी म्हणाल्या. “सुईण म्हणाली, अंग शिकतंय गं, शिकू दे त्याला.”

मग थोडा वेळ थांबून त्यांनी दुसरीही गोष्ट सांगितली, जी त्यांनी घरात आजवर कोणास सांगितली नव्हती. त्याच वस्तीत पुढे काही वर्षांनी एक तरुण सून होती. तिचे नाव आजी घेत नाहीत. दोनदा तिने कळांची हाक दिली, दोनदा सुईण येऊन परत गेली, आणि विहिरीवर तिची थट्टा झाली. तिसऱ्या वेळी तिच्या पायावरून पाणी वाहिले, तरी ती बोलली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी अंगात ताप चढला, तेव्हा घरच्यांना कळले. ती वाचली, मूल वाचले नाही. “ते मूल कळांनी नेलं नाही पोरी,” आजी म्हणाल्या, “आमच्या हसण्यानं नेलं. हसणाऱ्यांत मीही होते.”

या वाक्यानंतर त्या घरात फार काही सांगावे लागले नाही. सकाळी आजींनी सासूबाईंना आणि नातवाला जवळ बसवून घेतले. काय बोलणे झाले ते बाहेर आले नाही. परंतु त्या दिवसापासून घरातील ‘खोट्या’ हा शब्द गेला. पुढच्या तपासणीच्या वेळी सासूबाई स्वतः सुनेबरोबर गेल्या, आणि आपल्याला जे ठाऊक नव्हते ते त्यांनी साज-फामला न लाजता विचारले. तिने जे सांगितले ते त्यांनी घरी येऊन एका शाळकरी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले.

त्या पानावर असे होते. तयारीच्या कळांना ताल नसतो; एक दहा मिनिटांनी येते, दुसरी पंचवीस मिनिटांनी, तिसरी येतच नाही. त्यांचा जोर वाढत जात नाही. त्या बहुतेक पुढच्या बाजूस, पोटावर जाणवतात. कूस बदलली की मावळतात. खऱ्या कळा ताल धरतात. त्या अधिकाधिक जवळ येतात, अधिक वेळ टिकतात, अधिक तीव्र होतात. पुष्कळदा कंबरेतून निघून पुढे येतात, आणि चालल्याने वा पडल्याने थांबत नाहीत. एका कळेच्या आरंभापासून दुसरीच्या आरंभापर्यंतचा वेळ घड्याळावर मोजावा. पहिलटकरणीस दर ५ मिनिटांनी, सुमारे १ मिनिट टिकणारी कळ, असे १ तासभर होत राहिले, तर इस्पितळाची वाट धरावी. पण काही गोष्टी अशा, की जेथे घड्याळ पाहत बसू नये: ३७ आठवड्यांपूर्वी नेमाने येणाऱ्या कळा, पाणी जाणे, रक्त दिसणे, बाळाची हालचाल कमी होणे, ताप, किंवा तीव्र डोकेदुखीबरोबर डोळ्यांपुढे अंधारी येणे. अशा वेळी तत्काळ निघावे. गाडी नसेल तर ११४ या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. आणि सर्वांत खाली, दोन रेघा ओढून: शंका आली तरीही जावे.

वहीच्या पुढच्या पानांवर सून वेळा लिहू लागली. पहिल्या रकान्यात कळ आल्याची वेळ, दुसऱ्यात ती किती टिकली, तिसऱ्यात ती कशाने गेली. ‘पाणी प्याल्यावर’, ‘निजल्यावर’, ‘आपोआप’. नवरा रात्रपाळीवरून आला की चहा घेण्याआधी वही पाहू लागला. भीतीला आकडे मिळाले की तिचे अर्धे बळ जाते. जी गोष्ट अंधारात भिंत धरून एकटीने सोसली जात होती, तिच्यावर आता सबंध घराची नजर होती, आणि ती नजर पहारेकऱ्याची नव्हती, सोबत्याची होती.

जानेवारीचा महिना, म्हणजे मॉरिशसमध्ये वादळांचा हंगाम. अडतिसावा आठवडा चालू असताना आकाशवाणीवर दुसऱ्या वर्गाचा इशारा जाहीर झाला. दुकानांपुढे रांगा लागल्या. मेणबत्त्या, पाव, पाण्याच्या बाटल्या यांची खरेदी झाली. सासऱ्यांनी खिडक्यांना फळ्या ठोकल्या. त्याच संध्याकाळी सुनेचे पोट आवळू लागले. वहीत आकडे उतरले: १४ मिनिटे, ९ मिनिटे, २० मिनिटे. ताल नव्हता. परंतु पुढचा इशारा जाहीर झाला असता रस्ते बंद पडले असते, म्हणून नवऱ्याने इस्पितळात फोन केला, आणि तेथून उत्तर आले, की घेऊन या. रात्र तेथे गेली. पहाटे वादळाने दिशा बदलली, ते दूर समुद्रात निघून गेले. आणि कळाही निघून गेल्या. दुपारी सारे घरी परतले.

शेजारची एक बाई कुंपणाशी आली. तिने तोंड उघडण्यापूर्वीच सासरे, जे एरवी फारसे बोलत नाहीत, खिडकीची फळी काढता काढता म्हणाले, “वहिनी, काल वाक्वाच्या वेधशाळेनं इशारा दिला, आणि वादळ आलं नाही. म्हणून वेधशाळेला कुणी खोटारडी म्हणेल का?” बाई क्षणभर गप्प राहिली, मग हसली, पण ते हसणे निराळे होते. सायंकाळी तिने सुनेसाठी वाटीभर खीर पाठविली.

सासऱ्यांच्या या बोलण्यात जे शहाणपण आहे, ते या बेटावरील माणसांनी मोठी किंमत देऊन मिळविलेले आहे. इशारा झाला आणि वादळ फिरले, म्हणून पुढच्या इशाऱ्याला फळ्या न ठोकणारा मनुष्य मॉरिशसमध्ये शहाणा समजला जात नाही. मेणबत्त्या न जळता कपाटात राहिल्या, याचे कोणास दुःख होत नाही. मग इस्पितळात गेलेली एक फेरी ‘फुकट’ कशी ठरते? डॉक्टरांनी तपासले, बाळाचे ठोके ऐकले, सारे ठीक असल्याचे कळले. हे फुकट जाणे नव्हे, ही राखण आहे. येथल्या सरकारी इस्पितळांत तपासणीस पैसे पडत नाहीत. मूल्य पडते ते फक्त संकोचाचे, आणि तो संकोच घरच्या माणसांनीच तिच्यावर लादलेला असतो.

आठ दिवसांनी एका संध्याकाळी कंबरेतून कळ निघाली. सुनेने पाणी प्याले, ती डाव्या कुशीवर निजली, मग उठून अंगणात फिरली. कळ गेली नाही. वहीत लिहिले गेले: १२, १०, १०, ८, ७, ६, ५, ५. या वेळी धांदल झाली नाही. सासूबाईंनी आधीच भरून ठेवलेली पिशवी उचलली, नवऱ्याने गाडी काढली, आजींनी सुनेच्या कपाळावर हात ठेवला. गाडीत ती डोळे मिटून श्वास सोडीत होती, जसा तिने कित्येक रात्री सोडून पाहिला होता. दुसऱ्या दिवशी सूर्योदयापूर्वी मुलगी झाली. साज-फाम म्हणाली, की पहिलटकरीण असून हिला श्वास कसा सोडावा हे शिकवावे लागले नाही.

ते कसे लागावे? ती तर पाच आठवडे शिकत होती. गणेशचतुर्थीपूर्वी मराठी गावांत झाकरीची तालीम चालते, तेव्हा रात्री ढोलकीचा आवाज दूरवर ऐकू येतो. ठेका चुकतो, पाय अडखळतात, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. त्या नाचाला कोणी खोटा नाच म्हणत नाही, कारण चतुर्थीच्या रात्री जे रिंगण बिनचूक फिरते ते याच चुकांतून घडलेले असते, हे सर्वांस ठाऊक आहे. मंडळींच्या तालमीला जो मान मिळतो, तो आईच्या अंगाच्या तालमीला का मिळू नये?

ज्या स्त्रिया १८३४ नंतरच्या दशकांत करारावर या बेटावर उतरल्या, त्यांतल्या कित्येकींच्या मागे माहेर हजार कोसांवर राहिले होते. आई नाही, मावशी नाही. वेदना आली तर ती कसली, हे सांगावयास कोणी नाही. अशा वेळी शेजारच्या खोपटातील बाईच आई झाली, तिनेच हात दिला, आणि त्या हातांच्या आधाराने आजच्या पिढ्या येथवर आल्या. इस्पितळे आली, यंत्रे आली, हे फार चांगले झाले. पूर्वी जी बाळे जात ती आज वाचतात. परंतु रात्री दोन वाजता न्हाणीघराच्या दाराशी जाऊन “किती वेळ झाला?” असे विचारण्याचे काम कोणतेही इस्पितळ करू शकत नाही. ते घराचेच काम आहे.

म्हणून ज्या घरात यंदा पाळणा हलावयाचा आहे, तेथील वडीलधाऱ्यांनी एवढे करावे. एक वही आणि एक घड्याळ सुनेच्या उशाशी ठेवावे. पाण्याचा तांब्या भरलेला असावा. पिशवी छत्तिसाव्या आठवड्यातच भरावी. आणि ती दहा वेळा म्हणाली की पोट आवळते आहे, तर दहाही वेळा तिच्याजवळ जाऊन बसावे. अकराव्या वेळी जे येणार आहे, त्याची वर्दी तिलाच प्रथम मिळणार आहे. ती तिने निःशंकपणे सांगावी, अशी घरातील माणसे असावीत.